अप्पांच्या गाडीतला बझर

शुक्रवार, १ तारीख

काल अप्पा गाडी तापवून आले. बॉनेटमधून वाफ, रस्त्यावर पाण्याचा ओघळ आणि गल्लीतली मांजरं घाबरून भिंतीवर. अप्पा मात्र शांतपणे उतरले, दार लावलं, रुमालाने काच पुसली आणि जिना चढून वर आले.

नवरा खिडकीतून बघत होता. "अप्पा, अहो, बटाटे उकळावेत तशी खदखदतेय गाडी! तुम्हाला कळलं नाही?"

अप्पांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लक्ष नव्हतं."

हे उत्तर नवऱ्याला फार झोंबलं. जेवण झाल्यावर भांडी आवरताना मला म्हणाला, "डोळे चांगले आहेत, हात चांगले आहेत. पण लक्षच नसेल तर गाडी कशी द्यायची? रस्त्यावर माणसं असतात."

चुकीचं बोलत नाहीये तो. पण गाडी गेली की गुरुवार गेला, आणि सासूबाई गेल्यापासून अप्पांचा आठवडा गुरुवारच्या खुंटीलाच टांगलेला आहे. दर गुरुवारी ते गावाबाहेर जोडीदाराकडे जातात. जोडीदार हे नाव नव्हे. दोघं एकाच कापड गिरणीत, विणाई खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर होते, म्हणून जोडीदार. घशाच्या ऑपरेशनमध्ये जोडीदारांचा आवाज गेला. हाताला कंप आहे, त्यामुळे लिहूनही दाखवता येत नाही. नुसते ओठ हलतात, आणि ते अप्पांना कळतं. त्यांच्या घरी दुसऱ्या कुणालाही कळत नाही. आठवडाभर साठलेलं सगळं गुरुवारी अप्पा त्या घराला सांगतात. उशी बदला. डाव्या कुशीवर झोपवू नका. धाकट्याला परीक्षेबद्दल रागावू नका.

तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. अप्पांना बस नको असते. "स्टॉप कुठला ते कळत नाही," म्हणतात. सत्तर वर्षं याच गावात काढलेला माणूस!

शनिवार, २ तारीख

गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने रेडिएटर काढून तपासला होता. "ताई, याचं वय झालं. डाख लावून दिलाय, पण हे जुन्या सदऱ्यासारखं आहे. इकडे शिवलं की तिकडे उसवतं. नवीन या गाडीचा येत नाही आता. आणि तापमानाचा काटा तर केव्हाच मेलाय."

"मग करायचं काय?"

"पाणी बघत राहायचं. दर खेपेला झाकण उघडायचं आणि बघायचं."

अप्पांना हे सांगितलं तर ते म्हणणार, मी बघतोच की. आणि बघतातही. पण निघताना पूर्ण असलेलं पाणी चढावर अर्ध्यात गळून जातं, ते झाकण उघडून कसं दिसणार? गाडीनेच सांगितलं पाहिजे. परत येताना डोक्यात तेच घोळत होतं. पाणी उतरलं की गाडी ओरडेल, असं काहीतरी. मला येईल की ते. दिवसभर याहून बारीक कामं करते मी.

रविवार, ३ तारीख

जमलं! स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जमलं.

मी श्रवणयंत्रांच्या दुकानात मागच्या टेबलावर बसते. पुढे मॅडम लोकांचे कान तपासतात, मागे मी यंत्रं उघडते, साफ करते, तुटलेल्या तारा जोडते. त्यांच्यापुढे हे म्हणजे ढोबळ काम. एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, एक बझर. पाण्यात एक धातूची दांडी सोडायची. दांडी पाण्यात बुडलेली असली की पाण्यातून अगदी बारीकसा प्रवाह निघून जातो आणि ट्रान्झिस्टर झोपून राहतो. पाणी खाली गेलं, दांडी उघडी पडली, की ती वाट तुटते, ट्रान्झिस्टर जागा होतो आणि बझर वाजतो. तारांना अक्कल नसते. तरी असं काही जमलं की वाटतं, आहे.

स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, पेल्यालाच एक तार लावली आणि दांडी म्हणून स्वेटरची सुई कापून घेतली. सुई वर उचलली की किर्रर्र! इतका बारीक आणि टोकदार आवाज की समोरच्या घरातलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. नवरा आंघोळ अर्धी टाकून बाहेर आला. "काय पेटलं?"

"काही पेटलं नाही. तुझ्या वडिलांची गाडी बोलायला लागली."

अप्पा माझ्या मागेच पेपर घेऊन बसले होते. मान वर केली नाही. मी वळून त्यांच्यासमोर पुन्हा सुई उचलली. ते माझ्याकडे बघत राहिले, मग सुईकडे, मग परत माझ्या तोंडाकडे. "वा," म्हणाले. "छान झालंय."

त्यांना कौतुक करायला नेहमीच जरा उशीर लागतो. पण 'छान' म्हणाले. लग्नानंतर किती वेळा ऐकलंय हे त्यांच्या तोंडून? माझ्या हातच्या आमटीला एकदा.

मंगळवार, ५ तारीख

अप्पांचं काही कळत नाही. पोळ्या लाटता लाटता त्यांना विचारलं, बझर स्टिअरिंगच्या खाली लावू की डाव्या बाजूला? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. शेवटी लाटणं ठेवून बाहेर गेले तर टीव्हीसमोर बसलेले. टीव्हीचा आवाज बंद. बातम्या ते अशाच बघतात. म्हणतात, "सगळे एकच बोलतात, आवाज कशाला हवा?" मी समोर उभी राहून विचारल्यावर लगेच म्हणाले, "डावीकडे लाव. उजवीकडे माझा गुडघा लागतो."

म्हणजे मनात असलं की उत्तर देतात. नसलं की सून भिंतीशी बोलतेय.

लिहिताना वाईट वाटतंय, तरी लिहिते. सासूबाई होत्या तोवर हे घर जास्त बोलकं होतं. त्या अप्पांच्या समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि दिवसभराचं सगळं सांगायच्या, त्यांच्याकडे तोंड करून, हळूहळू, एक एक शब्द. आम्ही सगळे आपापल्या कामातून बोलतो. पाठ करून, वाकून, फोनमध्ये बघत. अप्पांनाही मग बोलावंसं वाटत नसेल.

बुधवार, ६ तारीख

अर्ध्या दिवसाची रजा टाकून यंत्र बसवलं. गॅरेजवाल्याने रेडिएटरच्या वरच्या भागाला भोक पाडलं, रबरी बुचातून सुई आत सोडली, चहूबाजूंनी सील केलं. आधी तो हसत होता. नंतर स्वतःच गाडी काढून चक्कर मारून आला.

"ताई, वळणावर ओरडतंय हो. पाणी डुचमळलं की सुई उघडी पडते."

खरंच की. माझ्या ओट्यावर वळणं नव्हती. मग त्यात एक कपॅसिटर घातला. आता सुई थोडा वेळ सलग उघडी राहिली तरच बझर वाजतो. एखाद्या हिसक्याला दाद देत नाही. गॅरेजवाला म्हणाला, "माझ्या सासूला बसवता येईल का असलं काही?"

गाडीत बसले तर आतला आरसा बाजूच्या सीटकडे वळलेला. मी सरळ केला. संध्याकाळी बघते तर पुन्हा तसाच. म्हटलं, "अप्पा, मागचं दिसणार कसं?" तर म्हणाले, "मागचं बाहेरच्या आरशात दिसतं. हा मला असाच लागतो." आणि त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसायची तर कुणालाच परवानगी नाही. बसायचं तर शेजारी.

गुरुवार, ७ तारीख

गेले आणि आले. पाणी जागच्या जागी. डाख टिकलाय. नवऱ्याने झाकण उघडून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बाईसाहेब, जिंकलात." अप्पांनी जोडीदारांची खबर सांगितली. ते म्हणाले म्हणे, मला सुनेच्या हातचं अळणी आवडत नाही, पण तिला सांगू नकोस. अप्पांनी अर्थातच सांगितलं. "दुभाष्याने काही गाळायचं नसतं," म्हणाले आणि बराच वेळ स्वतःशीच हसत होते.

गुरुवार, १४ तारीख

आजचा दिवस लिहूच नये असं वाटतंय.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढत होते. लांबून एक आवाज यायला लागला. आधी वाटलं रातकिडा. मग ओळखला. माझाच. किर्रर्र, गल्लीच्या टोकापासून, हळूहळू मोठा होत, न थांबता. माणसं दारात येऊन बघत होती. गाडी आली, फाटकात वळली. बॉनेटमधून वाफ. अप्पांनी किल्ली फिरवली तेव्हा बझर गप्प झाला.

ते वर आले, हात धुतले आणि म्हणाले, "भूक लागली. काय केलंयस?"

नवरा आज कधी नव्हे तो ओरडला. "अप्पा, अहो, वाजत होतं! तिने केलं, तुमच्यासाठी केलं, ते वाजत होतं आणि तुम्ही चालवतच राहिलात?"

अप्पांचा चेहरा उतरला. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "मला वाटलं, पोचेन घरापर्यंत."

म्हणजे ऐकलं, आणि तरी थांबले नाहीत.

मी पानं घेतली. वाढलं. आमटीत मीठ घालायला विसरले होते. अप्पा निमूट जेवले.

शुक्रवार, १५ तारीख

किल्ली नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत आहे. त्याने ती खिळ्यावरून काढली तेव्हा अप्पा समोरच बसले होते.

मला राग आलाय. नक्की कशाचा ते शोधतेय. इंजिनाचा नाही. गॅरेजवाला म्हणाला, वाचलंय. राग याचा की मी इतक्या हौसेने केलेली गोष्ट त्यांनी इतका वेळ कानाआड केली. एवढा कर्कश आवाज सहन करत गाडी हाकायची म्हणजे केवढा हट्ट! दुकानात मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हातारपणी माणसं हट्टी होतात गं." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "किती वय त्यांचं? गिरणीत होते ना?" तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

मंगळवार, १९ तारीख

जोडीदारांच्या सुनेचा फोन आला. "गुरुवारी येताय ना अप्पा? नक्की ना? बाबा दोन दिवस काहीतरी सांगतायत आणि आम्हाला कुणाला कळत नाहीये. पाणी दिलं, नको. पांघरूण दिलं, नको. आज ताट ढकलून दिलं. रडले हो ते काल."

मी अप्पांना फोन द्यायला गेले तर हाताने झिडकारला. "फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही, त्याला काय बोलणं म्हणायचं! तू सांग, काय म्हणते ती." मी सगळं सांगितलं. ते उठले, खिळ्यापाशी गेले, मोकळ्या खिळ्याकडे बघितलं आणि परत येऊन बसले.

नवऱ्याशी बोलले. म्हटलं, या गुरुवारी मी बरोबर जाते. बझर वाजला आणि ते थांबले नाहीत तर मी थांबवेन. आणि ही शेवटची खेप, तर शेवटची. त्याने बराच विचार केला. "त्यांना घरी बसवताना मला बरं वाटतं असं समजू नकोस," म्हणाला. मग किल्ली माझ्या हातात दिली. त्यांच्या नाही.

गुरुवार, २१ तारीख

सगळं नीट, ओळीने लिहायचंय.

सकाळी निघालो. मी शेजारी. अप्पा खुशीत होते. हातात पुन्हा चाक आलं की त्यांचे खांदे सरळ होतात. चालवतात सुंदर. बाहेरच्या दोन आरशांत एकसारखं बघतात, प्रत्येक वळणाला मान पूर्ण फिरवतात, फाटा आला की वेग आधीच कमी. मधूनमधून त्या वळवलेल्या आरशात माझ्याकडे बघत गिरणीच्या गोष्टी सांगत होते.

"एका शेडमध्ये शेकडो माग, सूनबाई. स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू यायचा नाही. मग बोलणार कसं? ओठांनी. जोडीदार पलीकडच्या ओळीत असला तरी मी इथून त्याला जेवणाच्या डब्यात काय आहे ते विचारायचो. साहेब समोर उभा राहिला की त्याच्यासमोर त्यालाच शिव्या घालायचो. त्याला वाटायचं, पोरं तंबाखू चघळतायत."

मी हसले. गाडी चढाला लागली. आणि बझर वाजला.

मी वाट बघितली. म्हटलं, वाक्य संपवतील आणि थांबतील. वाक्य संपलं. पुढचं सुरू झालं. माझ्या गुडघ्याजवळ ते टोकदार किर्रर्र अखंड चालू, आणि अप्पा सांगतायत की एकदा साहेबाकडे शेवटी कुणीतरी चुगली केली आणि मग तो तोंडासमोर फडकं धरून यायला लागला. सांगून खळखळून हसले. हसता हसता आरशात माझ्याकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"काय गं? तोंड का असं झालं तुझं?"

माझा चेहरा त्यांना दिसला. बझर नाही.

मी त्यांच्याकडे वळले आणि आवाज अजिबात न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "पाणी."

त्यांनी ताबडतोब डावीकडचा दिवा लावला, आरसे बघितले आणि गाडी कडेला घेतली.

इंजिन थांबलं, पण किल्ली अर्धी फिरलेली होती, त्यामुळे बझर वाजतच होता. मी त्यांचा हात धरून बझरवर ठेवला. त्यांच्या बोटांना तो थरथरताना कळला.

"केव्हापासून वाजतोय?"

"आत्ताच सुरू झाला."

"खोटं बोलू नकोस. ओठ आवळतात तुझे." मग जरा वेळाने, "मघाशी पाणी म्हणालीस, ते मोठ्याने म्हणालीस का?"

मी मान हलवली. नाही.

मी किल्ली फिरवून बझर बंद केला. बाजूने एक ट्रक गेला. "हा ऐकू आला," अप्पा म्हणाले. "जाड आवाज येतात अजून. बारीक येत नाहीत. बायकांचे, पोरांचे, पाखरांचे. तुझ्या सासूला माहीत होतं."

"आम्हाला का नाही सांगितलंत? मी तर याच कामात आहे, अप्पा. रोज माणसं येतात माझ्याकडे."

"म्हणून तर नाही." काचेतून समोर बघत बोलत होते. "जोडीदाराचा आवाज गेला ना, त्या दिवसापासून लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलतात. याला आज काय भरवायचं, याला कुठल्या कुशीवर ठेवायचं. तो तिथे असतो गं, ऐकत असतो. मला माझ्या घरात 'याला' व्हायचं नव्हतं."

मी उतरले, बॉनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत थांबलो. मग पाणी भरलं. दोन कॅन बरोबर घेतलेले होतेच.

उंच स्वर आधी जातात. हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. गिऱ्हाइकांना मीच समजावते. आणि बझर आणला तो सगळ्यात उंच स्वराचा, का, तर तो सगळ्यांना नीट ऐकू जाईल.

जोडीदारांच्या घरी पोचलो. खिडकीपाशी पलंग, बाजूला औषधांचं टेबल, वर पंखा. अप्पा पलंगासमोर बसले आणि जोडीदारांचे ओठ हलायला लागले ते थांबेचनात. थोड्या वेळाने अप्पांचाही आवाज बंद झाला. दोघंही नुसते ओठ हलवत होते. खोलीत पंख्याशिवाय काही आवाज नाही आणि गप्पा मात्र रंगात आलेल्या. मध्येच दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. मला ओशाळल्यासारखं झालं. तोंडासमोर फडकं धरून येणारा साहेब आठवला.

इतके दिवस जोडीदार काय सांगत होते? पलंगाचा एक पाय लुळा झालाय, कुशीवर वळलं की पलंग डुगडुगतो, पडायची भीती वाटते, म्हणून जेवायला उठवून बसवू नका. सुनेने वाकून बघितलं तर खरंच. ती तिथेच पलंगाच्या कडेला टेकली आणि सासऱ्यांचा पाय चेपत राहिली.

परत येताना अप्पा म्हणाले, "त्याला सांगणार का तू?" म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. त्यांच्याकडे तोंड करून.

शुक्रवार, २२ तारीख

अजून सांगितलेलं नाही. नवऱ्याने विचारलं, "काल थांबले का?" मी म्हटलं, "थांबले. लगेच." खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. किल्ली मी त्याला परत दिली आणि रविवारपर्यंत गाडी दारातच उभी ठेवू असं म्हटलं.

संध्याकाळी सर्किट नव्याने केलं. बझरच्या तारांना जोडून एक लाल दिवा, काचेच्या खाली, नजरेच्या रेषेत. तेवढ्यावर मन मानेना. उन्हात दिवा फिका दिसतो. मग एका मोडक्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढली आणि सीटच्या पाठीत, कापडाखाली बसवली. पाणी उतरलं की दिवा लागेल आणि पाठीत गुदगुल्या होतील. अप्पांना बसवून बघितलं तर दचकून पुढे झाले. "अगं, हे काय! झुरळ सोडलंयस का आत?"

बझर काढू का विचारलं. म्हणाले, "राहू दे. रस्त्यावरच्यांना तरी कळेल, म्हातारा तापलाय."

रविवार, २४ तारीख

आज सांगितलं.

नवरा चपला घालत होता, वाकून. अप्पा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मला ऐकू येत नाही," म्हणाले. "गिरणीतच गेलं. त्या दिवशी तुझ्या बायकोचं यंत्र वाजत होतं ते मला कळलंच नाही. पोचेन वाटलं वगैरे सगळं खोटं."

नवरा वाकलेलाच राहिला. खाली बघतच काहीतरी बोलला. मलाही नीट ऐकू आलं नाही.

"तोंड वर करून बोल रे," अप्पा म्हणाले.

त्याने मान वर केली. डोळे भरले होते. "मी म्हटलं, मी तुमच्यावर ओरडलो."

"ते चांगलंच झालं. ओरडलास तेवढं आलं मला ऐकू."

मग तो हसला आणि एक चप्पल पायात, एक हातात, असा खुर्चीत बसला. पण माझा नवरा हळवा झाला तरी विरघळत नाही. म्हणाला, "मी शेजारी बसणार. गर्दीतून चालवायची, चढावरून चालवायची. आणि पाणी मी काढणार, तुम्हाला न सांगता." अप्पा म्हणाले, "परीक्षा घे. नापास केलंस तर किल्ली तुझी. पुन्हा मागणार नाही."

दोघं गेले. मी घरी. काय काय केलं ते आठवत नाही. एकच कपाट दोनदा आवरलं.

दुपार कलल्यावर आले. नवऱ्याचा चेहरा बघून काही कळेना. तो सरळ आत गेला, पाणी प्यायला आणि मग सांगितलं. निघण्याआधीच त्याने अर्धं पाणी काढून टाकलं होतं. गाडी सुरू होताच दिवा लागला, आणि अप्पांनी फाटकातून गाडी बाहेरच काढली नाही. "बॉनेट उघड आधी, चोरा," म्हणाले. नंतर चढावरही एकदा लागला. तिथेही थांबले. बाजारातून तर त्याच्यापेक्षा सावकाश चालवली. मागून रुग्णवाहिका येत होती, ती त्यांना आरशात दिसली आणि नवऱ्याच्या लक्षात यायच्या आधी त्यांनी वाट दिली. "मी गाणं ऐकत होतो," नवरा म्हणाला. "माझे कान होते ना, ते गाण्यात होते."

किल्ली खिळ्यावर आहे. त्याची एकच अट आहे. अप्पांनी कान तपासून घ्यायचे.

मंगळवार, २६ तारीख

दुकानात आले, इस्त्रीचा सदरा घालून. मॅडमनी तपासलं. आलेख बघून मला नुसती मान डोलावून दाखवली. मी मागच्या टेबलावर बसून त्यांचं यंत्र बसवत होते. प्रत्येक जोड दोनदा तपासला.

कानात घालून पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय किरकिरतंय?"

"खुर्ची आहे अप्पा. तुमचीच."

आवडलंय असं अजिबात नाही. पाण्यात बुडी मारून बोलल्यासारखं वाटतं म्हणतात. सवय व्हायला वेळ लागेल, आणि सगळं परत येणार नाही, हे मी त्यांना समोर बसून सांगितलं. घालणार फक्त गाडीत. घरी आम्हाला तोंड वर करून बोलायचं वळण लागलं पाहिजे म्हणतात.

गुरुवार, २८ तारीख

आज सुट्टी होती, म्हणून पुन्हा त्यांच्याबरोबर गेले. पहारा म्हणून नाही. मलाच जावंसं वाटलं.

जोडीदारांच्या फाटकाशी गाडी थांबवली आणि अप्पांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

"इथे राहू द्या की," मी म्हटलं.

"इथे कशाला? त्याच्याकडे आवाजच नाही."

मला आत पाठवून ते बॉनेट उघडून पाणी बघत बसले. आत सून स्वयंपाकघरात होती. जोडीदार एकटेच पलंगावर, नवा पाय लावलेला पलंग आता हलत नव्हता. मला बघून त्यांचे ओठ हलले. मी दाराकडे बघितलं, अप्पा अजून बाहेरच. सवयीने म्हणणार होते, थांबा हं, ते येतील इतक्यात. पण त्यांचे डोळे माझ्याकडे होते.

"परत सांगा," मी म्हटलं. "मी नवीन आहे."

त्यांनी परत सांगितलं. मग पुन्हा, अगदी सावकाश, लहान मुलाला घास भरवताना आपण तोंड उघडतो तसं. ओठ दोनदा मिटले. माझ्या लक्षात आलं की त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आहे.

"पंखा बंद?"

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

मी उठून पंखा बंद केला. त्यांनी चादर जरा खाली सरकवली आणि पुन्हा काहीतरी बोलायला लागले. हे लांबलचक होतं, त्यातलं मला अवाक्षर कळलं नाही. मी खुर्ची उचलली आणि खिडकीच्या बाजूने, जिथून त्यांच्या तोंडावर उजेड पडत होता, तिथे नेऊन ठेवली.